दांड्या टेकण्यापूर्वी

व्हिडिओ जेमतेम दहा-बारा सेकंदांचा असतो. मागे भिंत, नाहीतर जिमचा आरसा. पुढे एक मूठ. मुठीच्या वर स्प्रिंगचा वेढा आणि खाली, करंगळीच्या पलीकडे, बाहेर डोकावणारी दोन दांड्यांची टोके. मूठ थरथरते, टोके जवळ सरकतात, धातूवर धातू टेकल्याचा बारीक ‘टक्’ येतो आणि फोन धरून उभा असलेला मित्र ओरडतो. झाले. ज्याची मूठ त्याने ग्रिपर ‘क्लोज’ केला. आता बघणाऱ्यांनी ठरवायचे, टेकल्या की नाही टेकल्या.

ही पुस्तिका अशा व्हिडिओंबद्दल आहे. ते कसे काढावेत, कसे तपासावेत, आणि त्यांच्यावर किती विश्वास टाकावा, हा तिचा विषय. विषय लहान आहे हे मला मान्य. पण मनगटात जोर आहे असे नुसते सांगणे आणि तो आहे हे तिऱ्हाइताला दाखवणे यांत बरेच अंतर असते, आणि ते अंतर इतके उघडे पडलेले फार थोड्या ठिकाणी बघायला मिळते. वजन उचलण्यात निदान पट्ट्यांवर आकडे असतात, धावण्यात घड्याळ असते. इथे एक स्प्रिंग, दोन दांड्या आणि एक फोन.

पुस्तिकेचे म्हणणे थोडक्यात असे आहे, आणि ते मला पुरते पटते: सगळे डोळे ज्या क्षणाकडे लागलेले असतात तो दांड्या टेकण्याचा क्षण पुराव्याच्या दृष्टीने सगळ्यांत सोपा असतो. भांडणे होतात ती त्याआधीच्या दोन-तीन सेकंदांवरून. हात एकटाच जोर लावायला लागला तेव्हा दांड्या किती उघड्या होत्या? दुसरा हात कधी सुटला? आणि मुठीत आहे तो ग्रिपर नेमका कोणता? बहुतेक व्हिडिओंत हेच सेकंद कापलेले असतात.

आधी वस्तूची ओळख. ग्रिपर म्हणजे पोलादी तारेची दोन-तीन वेढ्यांची स्प्रिंग आणि तिच्या दोन पायांवर बसवलेल्या दोन दांड्या. कपड्याचा चिमटा उलटा धरल्यासारखी रचना. आपल्याकडे खेळाच्या साहित्याच्या दुकानात प्लॅस्टिकच्या मुठीचे आणि पुढे किलोचा आकडा फिरवायची चकती असलेले ग्रिपर मिळतात, ते व्यायामाला ठीक. पुराव्याच्या गोष्टी सुरू होतात त्या ॲल्युमिनियमच्या खरबरीत दांड्यांच्या, न बदलणाऱ्या स्प्रिंगच्या ग्रिपरपासून. त्यांत सर्वांत नावाजलेली मालिका ‘कॅप्टन्स ऑफ क्रश’. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या नेवाडा सिटी या गावची आयर्नमाइंड ही कंपनी ती बनवते. रँडल स्ट्रॉसेन यांनी १९८८ मध्ये ही कंपनी काढली.

या मालिकेतले आकडे वाचकाने एकदा नजरेखालून घालावेत, कारण पुस्तिकेत ते सारखे येतात. ‘ट्रेनर’ १०० पौंडांचा, नंबर १ हा १४० पौंडांचा, नंबर २ हा १९५, नंबर ३ हा २८० आणि नंबर ४ हा ३६५ पौंडांचा. मध्ये अर्ध्या पायऱ्याही आहेत. नियमित व्यायाम करणारा धडधाकट माणूस पहिल्या झटक्यात नंबर १ मिटवेलच असे नाही. नंबर २ मिटवायला अनेकांना महिनेच्या महिने लागतात, आणि नंबर ३ बहुतेकांच्या आयुष्यात मिटत नाही.

हे पौंड मात्र जपून वाचावेत. २८० पौंड म्हणजे १२७ किलो. पण तोच ग्रिपर शिकंज्यात आडवा पकडून, एक दांडी घट्ट बसवून, दुसऱ्या दांडीच्या टोकाजवळ वजने टांगत गेलात, तर दोन्ही टोके टेकायला जवळपास निम्मेच वजन पुरते. यात कोणी कोणाला फसवलेले नाही. तरफेचा साधा हिशेब आहे: स्प्रिंगपासून जितक्या लांब जोर लावाल तितका तो कमी लागतो. मोजायची जागा बदलली की आकडा बदलतो. म्हणून ‘मी १२७ किलो दाबतो’ असे कोणी सांगितले तर त्याला एवढेच विचारावे की दांडीवर कुठे. या छंदातली जाणती मंडळी पौंडांत बोलतच नाहीत. ‘तीन नंबर झाला’, ‘अडीच अजून केसभर राहतोय’ अशी त्यांची भाषा.

आता मुठीचे बघू. बोटांत स्नायू नसतात म्हटले तरी चालेल. बोटे मिटवणारे मोठे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि लांब दोऱ्यांसारख्या कंडरांनी मनगटातून जाऊन बोटांच्या पेरांना ओढतात. ग्रिपर आवळणाऱ्याची मूठ पाहण्यापेक्षा त्याचा कोपराखालचा हात पाहावा, जोर कुठून येतो ते तिथे दिसते. या स्नायूंची एक खोड आहे. बोटे फार पसरलेली असताना त्यांचा जोर कमी भरतो, मधल्या टप्प्यात सर्वाधिक भरतो, आणि मूठ पुरती वळली की पुन्हा घटतो. स्प्रिंगचा स्वभाव याहून सरळ. जितकी वळवाल तितकी ती जास्त उलटते. सुरुवातीला काहीच नाही, शेवटी सगळेच. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की ग्रिपरचा सगळा त्रास कळतो: दांड्या रुंद असताना स्प्रिंग मऊ असते पण बोटांना पकडच मिळत नाही, शेवटच्या काही मिलिमीटरांत पकड पक्की असते पण स्प्रिंग भडकलेली असते आणि स्नायू मंदावलेले असतात.

इथेच दुसरा हात मध्ये येतो. मोठ्या ग्रिपरच्या दांड्या मोकळ्या असताना टोकांमध्ये सात सेंटिमीटरांच्या आसपास अंतर असते. करंगळी आणि अनामिका तिथवर पोचतात, पण नुसत्या टोकाने. म्हणून दुसऱ्या हाताने दांड्या थोड्या जवळ दाबायच्या, बोटे नीट गुंडाळून घ्यायची, तळव्यात दांडी योग्य जागी बसवायची आणि मग दुसरा हात सोडायचा. याला ‘सेट करणे’ म्हणतात. यात गैर काही नाही. पण किती आत दाबून सेट केले यावर सगळे अवलंबून आहे. दांड्या समांतर होईपर्यंत दाबल्या तर पहिला अवघड टप्पा गाळला जातो. त्याहून खोल दाबल्या तर शेवटचा झटका देण्याचेच काम उरते.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो निम्मा बरोबर आहे. दुसरा हात सोडला की स्प्रिंगचा सगळा ताण या हातावर येतोच. दांड्या टेकवायला लागणारा शेवटचा जोर तर दोघांना सारखाच लागतो. मग सुरुवात कुठून केली याला काय महत्त्व? महत्त्व एवढेच की हे दोन वेगळे पराक्रम आहेत. पूर्ण उघडा ग्रिपर एका हाताने उचलून, दुसऱ्या हाताचा स्पर्शही न होऊ देता मिटवणाऱ्याला लांब बोटे आणि रुंद पकडीतला जोर लागतो. खोल सेट करणाऱ्याला शेवटच्या टप्प्यातला जोर लागतो. दोघांनी एकाच ‘तीन नंबर’चा दावा केला की गडबड होते, आणि व्हिडिओचा शेवट पाहून ते दोघे वेगळे ओळखता येत नाहीत. शेवट दोघांचा हुबेहूब सारखा दिसतो.

आयर्नमाइंडने १९९१ मध्ये नंबर ३ मिटवणाऱ्यांना प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. त्या यादीत पहिले नाव रिचर्ड सोरिन यांचे. नंबर ४ वर पहिले नाव जो किनी यांचे, १९९८ मधले. पुढच्या काही वर्षांत त्यात भर पडली ती बोटांवर मोजण्याइतकीच, आणि त्यांत स्वीडनचे मॅग्नस सॅम्युएलसन होते, जे १९९८ मध्ये ‘वर्ल्ड्‌स स्ट्राँगेस्ट मॅन’ झाले होते. जगातला सर्वांत बलवान ठरलेला माणूसही ज्या यादीत सहज शिरत नाही त्या यादीचा भाव साहजिकच वाढला. भाव वाढला तशी कुजबुजही वाढली: अमक्याने किती खोल सेट केले होते, तमक्याचा दुसरा हात खरेच सुटला होता का.

मग या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत कंपनीने नियम घट्ट केला, आणि तो नियम मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. दुसऱ्या हाताने सेट करा, हरकत नाही; पण सेट केल्यावर दांड्यांच्या टोकांमध्ये क्रेडिट कार्डाची रुंदी मावली पाहिजे. साक्षीदार कार्ड घेऊन उभा राहतो, ते टोकांमधून फिरवून पाहतो, मग हात सोडायचा आणि आवळायचे. कार्डाची आखूड बाजू ५३.९८ मिलिमीटर. जगभर सारखी, कारण हे माप आंतरराष्ट्रीय मानकाने बांधलेले आहे. मोजपट्टी नको, कॅलिपर नको, आणि कोणाच्या नजरेवर अवलंबून राहणेही नको. आपल्याकडे ज्याच्या पाकिटात बँकेचे कार्ड नाही त्याच्या पाकिटात पॅन कार्ड असते, आणि त्याचे मापही तेच. पुस्तिकेच्या लेखकांनी पॅन कार्ड वापरण्याचा सल्ला दिला आहे तो योग्य आहे. फक्त व्हिडिओत नंबर वाचता येणार नाही याची काळजी घ्यावी. ताकदीचा पुरावा देताना ओळखीचा पुरावा जगभर वाटायचे कारण नाही.

प्रमाणपत्राच्या पद्धतीत आणखी दोन गोष्टी होत्या ज्या व्हिडिओवाल्यांनी पुढे उचलल्या. एक, साक्षीदार. उमेदवाराच्या यारदोस्तांचा शब्द चालत नसे. कंपनीला मान्य असलेला माणूस समोर हवा. दुसरी, ग्रिपर. स्वतःच्या बॅगेतला चालत नसे, कोरा ग्रिपर दिला जाई. याचे कारण वापरणाऱ्याला लगेच कळते. नवी स्प्रिंग शेकडो वेळा मिटवली की किंचित नरम पडते आणि मग स्थिरावते. ग्रिपर मिटवून पट्ट्याने जखडून आठवडाभर ठेवला तरी तिचा ताठा कमी होतो, आणि हे न सांगता केले तर ती फसवणूक. बाहेरून बघणाऱ्याला त्यातले काहीही दिसत नाही. वर, एकाच नंबरचे दोन कोरे ग्रिपरही अगदी सारखे निघत नाहीत. कोणाच्या नशिबी सोपा ‘तीन’ येतो, कोणाच्या कडक. म्हणून आता कित्येक जण आपला ग्रिपर वजने टांगून मोजून घेतात आणि व्हिडिओत आधी तो आकडा सांगतात. ही सवय आपल्याकडेही लागावी.

बळाच्या दाव्यांची ही अडचण जुनीच आहे. बडोद्याला सयाजीबागेतल्या संग्रहालयात एक मोठा दगड आहे. गामा पहिलवानाने तो १९०२ मध्ये उचलला असे सांगतात, तसा लेखही त्यावर कोरलेला आहे, आणि त्याचे वजन १,२०० किलो सांगितले जाते. गामाच्या थोरपणाबद्दल मला शंका नाही. पण ‘उचलला’ या शब्दाने तिथे नेमके काय घडले असावे? एक कड जमिनीवरून सुटली, की सगळा दगड? किती उंच, किती वेळ, मदतीला काही होते का? दगडावर शेवट कोरला गेला, सुरुवात कोरायची राहिली. युरोपातले दाखले याहून बरे नाहीत. इंग्लंडचे थॉमस इंच १७२ पौंडांचे, म्हणजे ७८ किलोचे, जाड मुठीचे डंबेल घेऊन फिरत आणि ते दुसऱ्या कोणाला उचलता येत नाही म्हणून आव्हान देत. वजनापेक्षा त्याची मूठ भारी होती: सहा सेंटिमीटरांच्या आसपास जाड, शिवाय उचलताना हातात फिरणारी. तशीच दिसणारी हलकी डंबेलेही इंच यांच्याकडे होती. त्यांनी कधी अदलाबदल केली असे मी म्हणत नाही. पण वस्तू कोणती हे पक्के नसेल तर पराक्रमही पक्का होत नाही, हे कोऱ्या ग्रिपरचा नियम करणाऱ्यांना अशाच कथांनी शिकवले असणार.

याच काळातल्या आणखी एका माणसाचे नाव इथे घ्यायला हवे. ज्याच्या नावाचे बनियन आपण अजून घालतो तो युजेन सँडो. त्याने विकायला आणलेले डंबेल मधोमध उभे कापलेले असे आणि दोन अर्ध्यांमध्ये स्प्रिंगा असत. व्यायाम करताना ते दोन्ही अर्धे मुठीत दाबून धरायचे. आजच्या ग्रिपरचा हा जवळचा पूर्वज. सँडो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर येऊन गेला. आपल्या तालमींना मात्र मुठीसाठी वेगळे यंत्र कधी लागले नाही. फावड्याने हौद्यातली माती उकरणे, दोरावर चढणे, मल्लखांब, जोडी फिरवणे आणि समोरच्याचे मनगट धरून ठेवणे, यांतून मूठ आपोआप घडत असे. तिचा पुरावाही समोरच्या मनगटावर वळ उठवून मिळे, आणि त्यावर वाद घालायची कोणाची छाती होत नसे.

वैद्यक आणि विज्ञान यांनी मुठीचे माप घेण्याची दुसरी वाट धरली. तिची हकिकत रंजक आहे पण आपल्या कामापुरती थोडक्यात पुरे. फ्रान्समध्ये एद्‌म रेन्ये यांनी १७९८ च्या सुमारास बलमापक, म्हणजे डायनॅमोमीटर, लोकांसमोर मांडला. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८४ मध्ये लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात प्रयोगशाळा थाटून हजारो लोकांची मापे घेतली, त्यांत मुठीचा जोरही होता. १९५४ मध्ये बेक्टोल यांनी वर्णन केलेले जामार उपकरण आजही हाताच्या तज्ज्ञांकडे आणि फिजिओथेरपीच्या खोलीत दिसते. ‘प्युअर’ या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले: १७ देशांतली जवळपास १ लाख ४० हजार माणसे, भारतातलीही त्यांत होती, मुठीचा जोर दर ५ किलोने कमी असेल तसा मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी जास्त आढळला. तेव्हापासून ‘मूठ घट्ट तर आयुष्य मोठे’ अशा मथळ्यांना ऊत आला. त्यात गल्लत अशी की मुठीचा जोर हे एकूण प्रकृतीचे चिन्ह आहे. ग्रिपर दाबून चिन्ह वाढवले म्हणजे प्रकृती तेवढीच सुधारते, असे तो अभ्यास म्हणत नाही. पुस्तिकेत आयुष्य वाढवण्याचे एकही आश्वासन नाही, याबद्दल लेखकांचे आभार.

डायनॅमोमीटर आणि ग्रिपर यांत एक मूलभूत फरक आहे आणि चित्रीकरणाचा सगळा प्रश्न त्यातून निघतो. डायनॅमोमीटर आकडा देतो. ४२ किलो, ४७ किलो. प्रत्येकाला काही ना काही मिळते. त्याची मूठ जवळजवळ हलत नाही, सुरुवातीची रुंदी ठरवून ठेवता येते. ग्रिपर उत्तर देतो ते ‘झाला’ किंवा ‘नाही झाला’ असे. एक मिलिमीटर राहिला तर नाही झाला. रुग्णालयाला असले उपकरण निरुपयोगी, पण कॅमेऱ्याला याहून सोयीची गोष्ट नाही: आकडा वाचायला नको, फक्त फट दिसली पाहिजे. की नाही दिसली पाहिजे.

टेकण्याचा क्षण सगळ्यांत सोपा असला, तरी ती फट दिसणे वाटते तितके सोपे नाही. पुस्तिकेचा मधला भाग यावर आहे आणि तो मला सर्वांत उपयोगाचा वाटला. दांड्या एकीमागे एक अशा असतात: एक तळव्यात, एक बोटांखाली. फोन मुठीच्या समोर, बोटांच्या पेरांच्या बाजूला धरला तर बोटांखालची दांडी तळव्यातल्या दांडीला झाकते, आणि मध्ये चार मिलिमीटर मोकळे असले तरी टेकल्यासारखे दिसते. बरेचसे ‘क्लोज’ एवढ्यावरच उभे असतात, तेही मुद्दाम नव्हे. मित्राने फोन जिथून चेहरा छान येतो तिथून धरलेला असतो. फोन हवा करंगळीच्या खाली, दांड्यांच्या टोकांकडे सरळ बघणारा, म्हणजे दोन गोल टोके शेजारीशेजारी दिसतील. मागे पांढरा कागद किंवा खिडकीचा उजेड, म्हणजे फट असेल तर तिच्यातून उजेड येईल. जिमच्या पिवळ्या दिव्याखाली, काळ्या टी-शर्टासमोर, राखाडी दांड्यांमधली एक मिलिमीटरची फट कोणत्याही फोनला दिसत नाही. तो आपल्या मनानेच रंग भरून टाकतो.

आवाजावरही फार विसंबू नये. दांड्यांची टोके टेकल्याचा ‘टक्’ खरा असतो, पण अंगठीचा, स्प्रिंगच्या वेढ्यांचा, किंवा दांडी तळव्यात घसरल्याचाही आवाज येतो. अंगठी काढावीच. हाताला लावायची मॅग्नेशियमची पांढरी पूड चालते. चिकट काही चालत नाही, आणि तळवे उघडून कॅमेऱ्याला दाखवायला दोन सेकंद लागतात. ते लावावेत.

मग क्रम. दांडीच्या बुडावर कोरलेला नंबर दाखवायचा. ग्रिपर हातात घ्यायचा, सेट करायचा, कार्ड टोकांमध्ये फिरवायचे आणि ते अडकत नाही हे दिसू द्यायचे. दुसरा हात चौकटीतून न घालवता बाजूला न्यायचा, निदान फूटभर लांब, आणि तिथेच दिसत ठेवायचा. चौकटीबाहेर गेलेला हात काय करतो हे कोणाला माहीत? आवळणारा हात छातीला, मांडीला किंवा टेबलाला टेकू द्यायचा नाही. आणि हे सगळे एका सलग चित्रणात. मध्ये कट आला की आधीचे सगळे वाया. यातली एकही गोष्ट अवघड नाही, पण एका माणसाला दोनच हात असतात. एका हाताने आवळायचे, दुसऱ्याने सेट करायचे, कार्ड कोण फिरवणार? म्हणून हा पुरावा एकट्याने देता येत नाही. स्टँडवर फोन ठेवला तरी कार्डासाठी दुसरा माणूस लागतोच. मला ही अडचण नव्हे, सोय वाटते. दुसरा माणूस आला की चाळीस टक्के बनवाबनवी लाजेखातर आपोआप थांबते. हे चाळीस टक्के माझ्या अंदाजाचे, पुस्तिकेतले नव्हेत.

व्हिडिओने काय सिद्ध होत नाही हेही लेखकांनी स्पष्ट लिहिले आहे. स्प्रिंग नरम केली होती का, हे सिद्ध होत नाही. हा ग्रिपर त्याच नंबरातल्या सोप्यांपैकी की कडकांपैकी, हे सिद्ध होत नाही. आज झाला तो उद्या होईल का, हेही नाही. थकलेल्या दिवशी पाव इंच सहज राहतो. आणि ग्रिपर मिटवणारा दोर चढेल किंवा कुस्तीत मनगट सोडणार नाही असेही नाही, कारण पकडीचे प्रकार अनेक आहेत: चिमटीची पकड वेगळी, जाड दांडा धरून लटकण्याची वेगळी, आवळण्याची वेगळी. आवळण्यात पहिला असलेला माणूस चिमटीत सपशेल हरू शकतो.

एक इशारा, कारण वाचक बहुतेक वीस-पंचविशीतले असतील. कंडरा स्नायूंपेक्षा हळू बळकट होतात. व्हिडिओच्या नादात रोज पूर्ण ताकदीने प्रयत्न करणाऱ्यांची कोपराची आतली बाजू दुखू लागते आणि मग ते दुखणे महिनोन्‌महिने जात नाही. बोटे उघडण्याचा व्यायाम, म्हणजे बोटांभोवती रबर लावून पसरणे, कंटाळवाणा आहे आणि त्याचा व्हिडिओ कोणी बघत नाही. तरी तो करावा. मुलींनीही हे प्रकरण पुरुषांचे म्हणून सोडू नये. आयर्नमाइंडने महिलांना नंबर २ पासून प्रमाणपत्र देण्याची सोय केली आहे, आणि १९५ पौंडांचा ग्रिपर मिटवताना पाहून भल्याभल्या जिमवाल्यांच्या गप्पा थांबतात.

माझा मतभेद एकाच ठिकाणी आहे. लेखकांनी सुचवले आहे की दांड्या टेकल्यावर पूर्ण एक सेकंद टेकवून धराव्यात, म्हणजे चित्रात शंका राहणार नाही. हेतू चांगला. पण शेवटच्या मिलिमीटरात स्प्रिंग सर्वांत कडक असते, आणि तिथे एक सेकंद थांबणे हे टेकवण्यापेक्षा बरेच अवघड काम आहे. ज्याने खरोखर तीन नंबर टेकवला पण धरू शकला नाही, तो या नियमाने नापास होतो, आणि कंपनीच्या प्रमाणपत्राच्या नियमात तो पास झाला असता. कार्डाचा नियम सुरुवात नक्की करतो, पराक्रमाला हात लावत नाही. एक सेकंदाचा नियम कॅमेऱ्याच्या सोयीसाठी पराक्रमच बदलतो. फोनला सेकंदाला ३० चौकटी टिपायला सांगितल्या तर झटपट टेकून सुटलेला क्लोज एखाद-दोन चौकटींत येतो आणि अस्पष्ट येतो. पण हल्लीच्या कित्येक साध्या फोनमध्येही ६० चौकटींची सोय असते, आणि ‘स्लो मोशन’मध्ये त्याहून जास्त. सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा बदलायला अर्धा मिनिट लागतो. पुढच्या आवृत्तीत एक सेकंदाची अट काढून तिथे ही सूचना घालावी, असे मी लेखकांना कळवले आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही.